भजी आणि ऑमलेट एकाच खान्यात? मेन्यूच्या डेटाकडे जरा संशयानं बघू

पेट निघाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिससाठी विषय हवा. या टप्प्यावरच्या मुलामुलींकडून एक विषय वेगवेगळ्या नावांनी सारखा ऐकू येतो. एखाद्या हॉटेलचा मेन्यू घ्यायचा, प्रत्येक पदार्थात काय काय जिन्नस पडतात त्याची यादी करायची, कोणत्या पदार्थांत जिन्नस सामायिक आहेत ते मोजायचं, क्लस्टरिंग चालवायचं आणि मेन्यू त्या गटांप्रमाणे नव्यानं लावायचा. विषय आकर्षक आहे, मान्य. डेटा फुकट मिळतो, कोड छोटा असतो, जाळ्याचं चित्र सुंदर येतं, आणि खाण्याचा विषय म्हटल्यावर समितीतले लोकही जागे राहतात.

अडचण संदर्भांपासून सुरू होते. अशा सिनॉप्सिसमध्ये पहिल्याच पानावर बहुतेक वेळा दोन पेपर उभे असतात, आणि 'पूर्वीच्या संशोधनानं हे सिद्ध केलं आहे की' असं म्हणून पुढे सरकलेलं असतं. आज ते दोन पेपर नीट वाचू, आणि मग भुशी धरणाच्या वाटेवरच्या टपरीवर लागते तसली सात पदार्थांची पाटी घेऊन ही पद्धत हातानं करून बघू. हातानं म्हणजे खरंच हातानं, कागद-पेन घेऊन. माझं मत आधीच सांगून टाकते: सामायिक जिन्नसांचं विश्लेषण कोठीघरासाठी उपयोगी आहे, गिऱ्हाईक वाचतं त्या कार्डासाठी बहुतेकदा चुकीचं आहे, आणि ज्या पेपरांचा आधार दिला जातो ते मुळात या प्रश्नाबद्दल बोलतच नाहीत.

पहिला पेपर २०११ चा, 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मधला. आन, आनर्ट, बॅग्रो आणि बाराबाशी असे चार लेखक. त्यांनी तीन संकेतस्थळांवरून ५६,४९८ पाककृती घेतल्या, त्यातलं एक संकेतस्थळ कोरियन. ३८१ जिन्नस, आणि त्यांच्यातले चवीचे १,०२१ रेणू. त्यांचा प्रश्न असा होता: माणसं एका पाककृतीत जे जिन्नस एकत्र घालतात, त्यांच्यात चवीचे रेणू सामायिक असतात का? उत्तर मोठं गमतीचं आलं. उत्तर अमेरिका आणि पश्चिम युरोपच्या पाककृतींत असतात, पूर्व आशियाच्या पाककृतींत उलट ते टाळलेले दिसतात.

दुसरा पेपर आपल्या घरचा. अनुपम जैन, राखी एन. के. आणि गणेश बागलर या तिघांनी, त्या वेळी आयआयटी जोधपूरमध्ये असताना, २०१५ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये प्रसिद्ध केलेला. तरला दलाल यांच्या संकेतस्थळावरच्या २,५४३ पाककृती, १९४ जिन्नस, आणि आठ खाद्यशैली: बंगाली, गुजराती, जैन, महाराष्ट्रीय, मुघलाई, पंजाबी, राजस्थानी, दक्षिण भारतीय. निष्कर्ष: आठही शैलींत एकत्र येणारे जिन्नस चवीच्या रेणूंच्या हिशेबानं एकमेकांपासून लांबचे आहेत, आणि या लांबपणात मसाल्यांचा वाटा सगळ्यांत ठळक आहे.

आता या पेपरमधली चांगली गोष्ट, कारण टीका करायची म्हणून चांगलं लपवायचं नसतं. नुसती सरासरी काढून ते थांबले नाहीत. 'सामायिक रेणू कमी आहेत' असं म्हणायचं तर कशापेक्षा कमी, हे सांगावं लागतं. म्हणून त्यांनी खोट्या पाककृती बनवल्या. खऱ्या पाककृतींइतक्याच लांबीच्या, त्याच शैलीतले जिन्नस वापरून, पण चिठ्ठ्या टाकून भरलेल्या. एका प्रकारात कोणता जिन्नस किती वेळा येतो ते जपलं, एका प्रकारात जिन्नसाचा वर्ग जपला, म्हणजे मसाल्याच्या जागी मसालाच, भाजीच्या जागी भाजीच. एकात दोन्ही जपलं, एकात काहीच नाही. याला नल मॉडेल म्हणतात. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ही एक गोष्ट जरी आली तरी तो निम्म्या सिनॉप्सिसांच्या पुढे जाईल.

पण बघा, या दोन्ही पेपरांत 'सामायिक' काय आहे? एका पदार्थाच्या आत पडलेल्या दोन जिन्नसांमधले रेणू. तुमच्या मेन्यूच्या विषयात सामायिक काय आहे? दोन वेगळ्या पदार्थांमधले जिन्नस. शब्द तोच, पायरी वेगळी. पहिल्या ठिकाणी आलं आणि लसूण यांच्यात काय समान आहे हे विचारलंय, दुसऱ्या ठिकाणी वडापाव आणि भजी यांच्यात काय समान आहे हे. एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. लागू पाडायचंच म्हटलं तरी दुसरा पेपर तुमच्या विरोधात जातो, कारण आपल्याकडे चांगलं लागतं ते सारखेपणामुळे नव्हे असंच तो सांगतोय. तेव्हा 'सारखे जिन्नस म्हणजे सारखा गट म्हणजे गिऱ्हाइकाला सोयीचा मेन्यू' या साखळीला या पेपरांचा आधार देता येत नाही. व्हायवाला कोणी हे विचारलं तर गप्प बसावं लागेल.

आता पाटी. पावसाळ्यात भुशी धरण भरून पायऱ्यांवरून पाणी वाहायला लागलं की त्या वाटेवर काय मिळतं हे लोणावळ्याला एकदा गेलेल्या कोणालाही पाठ असतं. मी सात पदार्थ घेते आणि जिन्नस साधेच लिहिते. पाणी धरत नाही.

चहा: दूध, साखर, चहापावडर, आलं.
कांदाभजी: कांदा, बेसन, तेल, तिखट, मीठ, कोथिंबीर.
वडापाव: बटाटा, बेसन, तेल, पाव, मिरची, लसूण, आलं, हळद, कोथिंबीर, मीठ.
मॅगी: मॅगीचं पाकीट, कांदा, टोमॅटो, मिरची.
भाजलेलं कणीस: मका, लिंबू, तिखट, मीठ.
ऑमलेट-पाव: अंडी, कांदा, मिरची, कोथिंबीर, तेल, मीठ, पाव.
उकडलेल्या शेंगा: शेंगा, मीठ.

दोन पदार्थ किती सारखे आहेत हे मोजायला सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं माप जकारचं. दोघांत मिळून जेवढे वेगवेगळे जिन्नस आहेत त्यांतले किती दोघांत आहेत, एवढंच. पॉल जकार हा स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्प्समधल्या दोन जागांवरच्या वनस्पतींच्या याद्या ताडून बघण्यासाठी त्यानं हे माप वापरलं. त्याच्या कामात एखादी वनस्पती तिथे आहे की नाही एवढाच प्रश्न होता, किती आहे हा नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कांदाभजी आणि वडापाव: सामायिक चार, म्हणजे बेसन, तेल, मीठ, कोथिंबीर. एकूण वेगवेगळे बारा. ४ भागिले १२, म्हणजे ०.३३.
वडापाव आणि ऑमलेट-पाव: सामायिक पाच, एकूण बारा. ०.४२.
कांदाभजी आणि ऑमलेट-पाव: सामायिक चार, एकूण नऊ. ०.४४.

म्हणजे या पाटीवरची सगळ्यांत जवळची जोडी कोणती? भजी आणि ऑमलेट. भजी आणि वडा नाही. संगणकाला विचारलं असतं तर त्यानं भजी आणि ऑमलेट एका खान्यात टाकून, वर रंग देऊन चित्र काढून दिलं असतं. आणि भुशीला गर्दी असते ती नेमकी पावसाळ्यात, त्यातच श्रावण येतो, कित्येकांचं अंडं बंद असतं. एरवीही शाकाहारी माणूस टपरीवर पहिला प्रश्न विचारतो तो 'भजीचं तेल वेगळं आहे ना?' असा. त्याच्यासाठी या दोन पदार्थांत सात समुद्र आहेत. जकारच्या मापात अंड्याचं वजन कोथिंबिरीएवढंच.

इथे कोणी म्हणेल, मग मीठ काढून टाका, मीठ तर सगळ्यांतच असतं. ठीक. सातपैकी पाच पदार्थांत मीठ आहे, काढू. नवे आकडे: भजी-ऑमलेट ०.३८, वडापाव-ऑमलेट ०.३६, भजी-वडापाव ०.२७. क्रम तोच. आता तेलही काढू, ते तर माध्यम आहे, जिन्नस कुठला! भजी-ऑमलेट ०.२९, वडापाव-ऑमलेट ०.३०, भजी-वडापाव ०.२०. आता वडापाव-ऑमलेट पहिले आले. ज्या दोन पदार्थांचं नातं आपल्याला सगळ्यांत स्पष्ट दिसतं, एकाच बेसनात बुडवून एकाच कढईत तळलेले, ते आणखी लांब गेले, कारण तेल हीच त्यांची खूण होती.

अजून एक करून बघा. वडापावची यादी दहा जिन्नसांची झाली कारण मी मिरची, लसूण, आलं, हळद, कोथिंबीर सुटं लिहिलं. टपरीवाला मात्र या पाचांना मिळून 'वाटण' म्हणेल. तसं लिहिलं तर वडापाव सहा जिन्नसांचा होतो. आणि मीठ-तेल परत घेतलं तर भजी-वडापाव ०.३३ वरच राहतं, पण वडापाव-ऑमलेट ०.४२ वरून ०.३० वर घसरतं. दोघांचा क्रम उलटला! चहा आणि वडापाव यांना जोडणारा एकुलता एक धागा आल्याचा होता, तोही तुटला. स्वयंपाकात कणभर फरक पडलेला नाही, फक्त लिहिणाऱ्यानं शब्द बदलला.

एखाद्या मेन्यू-क्लस्टरिंगच्या कामात 'जिन्नस म्हणजे काय मानलं' हे दोन ओळींत उरकलेलं असेल तर पुढचे सगळे आकडे त्या दोन ओळींनी ठरवलेले असतात. गोडा मसाला एक की पंधरा? कांदा-लसूण मसाला घेतला तर कांदा मोजायचा की नाही? हे निर्णय तुम्ही घेताय, डेटा नाही. ते लिहून ठेवा, दोन्ही पद्धतींनी करून बघा, आणि निकाल पलटत असेल तर पलटतो असं छापा.

मिठाच्या प्रश्नावर एक नेहमीचं औषध आहे. कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये दस्तऐवज शोधण्यासाठी मांडलेली कल्पना: जो शब्द सगळीकडे येतो तो ओळख पटवायला निरुपयोगी, म्हणून त्याचं वजन कमी करायचं. एकूण दस्तऐवज भागिले तो शब्द असलेले दस्तऐवज, आणि त्याचं लॉगॅरिदम. शब्दाच्या जागी जिन्नस घाला. आता लोणावळ्याच्या बाजारातलं चिक्कीचं दुकान घ्या. शेंगदाणा, तीळ, काजू, राजगिरा, खोबरं, आणि समजा सगळ्या गुळाच्याच. गूळ पाचपैकी पाचांत, पाच भागिले पाच एक, एकाचं लॉगॅरिदम शून्य. गुळाचं वजन शून्य! चिक्क्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखायच्या असतील तर हे बरोबर आहे. दुकानदाराचा माल, त्याचा खर्च, पाक बिघडला तर होणारं नुकसान हे समजून घ्यायचं असेल तर गूळच सगळं काही आहे. एकच सूत्र, एका प्रश्नाला योग्य, दुसऱ्याला हास्यास्पद.

गटांना नावं देण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण खरी फसगत तिथे होते. मूळ सात याद्यांवर सरासरी अंतराचं श्रेणीबद्ध क्लस्टरिंग केलं आणि तीन गटांवर थांबलं, तर गट असे पडतात: भजी, ऑमलेट, वडापाव आणि मॅगी, कणीस आणि शेंगा, एकटा चहा. किती छान दिसतंय ना? लगेच हात शिवशिवतात: 'गरम नाश्ता', 'हलकं आणि पौष्टिक', 'पेय'. मांडणी इतकी पटते की पद्धत बरोबर असणारच असं वाटायला लागतं. पण कणीस आणि शेंगा एकत्र का आले हे यादीत बघा. त्यांच्यात सामायिक फक्त मीठ आहे. मीठ काढा, गट फुटला. 'हलकं आणि पौष्टिक' तुमच्या डोक्यातून आलं, आकड्यांत ते कुठेच नव्हतं. क्लस्टरिंगला गट मागितले की ते गट देतंच. तीन मागा, तीन देईल. ते गट खरे आहेत का, हे बागलर आणि मंडळींनी केलं तसं चिठ्ठ्या टाकून भरलेल्या पाटीशी ताडून बघितल्याशिवाय कळत नाही.

चहाकडे या. चहाचं भजीशी सारखेपण शून्य. एकही जिन्नस समान नाही. आणि धरणावरून भिजून आलेला माणूस काय मागतो? 'दोन प्लेट भजी, चार चहा.' सामायिक जिन्नस मोजणारी पद्धत या जोडीला पाटीच्या दोन टोकांना टाकेल. दुसरीकडे भजी आणि ऑमलेट यांना ती शेजारी बसवेल, जे बहुधा एकमेकांऐवजी मागितले जातात. अर्थशास्त्रवाले याला पूरक आणि पर्यायी वस्तू म्हणतात. सारखे जिन्नस असलेले पदार्थ एकमेकांचे पर्याय असण्याची शक्यता जास्त. गिऱ्हाइकाचं ताट भरतं ते पूरक गोष्टींनी. भात-आमटी, पुरणपोळी-कटाची आमटी (हिच्यात पुरणाचं पाणी असतं हे खरं, तेवढा अपवाद सोडा), पिठलं-भाकरी-ठेचा.

काय एकत्र मागवलं जातं हे हवं असेल तर त्याला वेगळा डेटा लागतो: बिलं. राकेश अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दुकानाच्या बिलांतून 'हे घेतलं तर तेही घेतलं' असे नियम काढायची पद्धत मांडली, ती तुम्ही वाचलीच असेल. समजा शंभर बिलांपैकी साठांत चहा आहे, चाळिसांत भजी आहे, आणि तिसांत दोन्ही. काही संबंध नसता तर साठ टक्क्यांचे चाळीस टक्के, म्हणजे चोवीस बिलांत दोन्ही दिसले असते. तीस भागिले चोवीस, सव्वा. एकच्या वर, म्हणजे ओढ आहे. हे आकडे उदाहरणापुरते, पण गणित एवढंच आहे. आणि त्याला जिन्नसांची यादी लागतच नाही.

परत दुसऱ्या पेपरकडे. त्याच्यावर माझे आक्षेप तीन, आणि तिन्ही तुमच्या कामाला लागू आहेत.

आठ खाद्यशैलींतल्या सहा प्रदेशांच्या आहेत, मुघलाई दरबाराच्या परंपरेची, आणि 'जैन' हा तर वर्ज्य-अवर्ज्याचा नियम आहे. जैन गुजराती, जैन मारवाडी, जैन मराठी असं सगळं त्यात येतं. संकेतस्थळावर वर्गवारी तशी होती म्हणून ती तशीच आली. लोणावळ्यातल्या हॉटेलांत 'जैन मिळेल' लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ वेगळं स्वयंपाकघर असा होत नाही. त्याच भाजीतून कांदा, लसूण, बटाटा वगळणं असा होतो. आणि खोट्या पाककृती त्याच शैलीच्या जिन्नसांतून बनवल्या की वगळलेला कांदा तिथेही वगळलेलाच राहतो. म्हणजे जैन स्वयंपाकाची सगळ्यांत मोठी गोष्ट, काय नाही ही, तुलनेच्या बाहेर पडते. तुमच्या मेन्यूतही 'नसणं' हा डेटा आहे. गिऱ्हाईक पुष्कळदा काय आहे यापेक्षा काय नाही ते वाचत असतं.

दुसरं, 'महाराष्ट्रीय' नावाचा एकच डबा. कोकणचं खोबरं, खानदेशचा काळा मसाला, वऱ्हाडाची सांबारवडी, सगळं त्याच डब्यात. मावळापुरतं बोलायचं तर इथल्या माणसाला इंद्रायणी, आंबेमोहोर आणि कोलम यांत काय फरक आहे ते वासावरून कळतं. पाककृतींच्या डेटाबेसमध्ये साधारणपणे ते तिन्ही 'तांदूळ' या एका बिंदूत जातात. वर वाटणाचं झालं तेच इथे उलट्या बाजूनं: तिथे एकाचे पाच केले, इथे तिनांचा एक. प्रश्न चवीचा असताना हे चालायला नको, आणि हा पेपर तर चवीबद्दलच आहे.

तिसरं, प्रमाण आणि क्रिया. चिमूटभर हिंग आणि वाटीभर बेसन, दोन्ही एकेक. जकारला वनस्पतीची नुसती हजेरी पुरत होती, स्वयंपाकात ती पुरत नाही. आणि कच्च्या बेसनाचा वास व तळलेल्या बेसनाचा वास एक नसतो. तळताना, भाजताना नवे रेणू तयार होतात, ते जिन्नसाच्या यादीत नसतात. भाजलेलं कणीस आणि उकडलेलं कणीस या यादीत एकच पदार्थ ठरतील. इथे लेखकांच्या बाजूनं एक सांगायला हवं: बागलर यांच्याच गटानं पुढे, आता दिल्लीच्या ट्रिपल-आयटीतून, २०२० मध्ये 'रेसिपी-डीबी' नावाचा एक लाखाहून जास्त पाककृतींचा साठा प्रसिद्ध केला आणि त्यात २६८ स्वयंपाकक्रियाही नोंदवल्या. आपल्या आधीच्या कामातली उणीव पुढच्या कामात भरून काढणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर हे दोन पेपर लागोपाठ वाचा. सिनॉप्सिसमध्ये २०११ आणि २०१५ उद्धृत करून २०२० विसरलेलं असलं की वाचन किती झालंय ते समितीला कळतं.

तर मग ही पद्धत टाकूनच द्यायची का? मुळीच नाही. टपरीवाल्याच्या बाजूनं बघा. सात पदार्थांसाठी त्याला एकवीस वेगवेगळे जिन्नस ठेवावे लागतात. त्यांतले नऊ एकाहून जास्त पदार्थांत लागतात, बारा फक्त एकाच पदार्थासाठी. चहासाठी तीन: दूध, साखर, चहापावडर. वडापावसाठी तीन: बटाटा, लसूण, हळद. मॅगीसाठी दोन, कणसासाठी दोन, ऑमलेटसाठी एक, शेंगांसाठी एक. कांदाभजीसाठी शून्य! बाकीचे सहा पदार्थ ठेवलेत तर भजीसाठी नवीन काहीच आणावं लागत नाही. क्लस्टरिंग नाही, जाळं नाही, नुसती बेरीज, आणि मालकाच्या कामाची गोष्ट हाताशी आली.

ती तरी जपून वापरायची. या मोजणीवर विसंबून कोणी म्हणालं की चहाला तीन जास्तीचे जिन्नस लागतात, बंद करा, तर तो माणूस भुशीला टपरी चालवणार नाही. कासावाना आणि स्मिथ या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या दोघांनी १९८२ मध्येच मेन्यूकडे बघायची साधी चौकट दिली होती: पदार्थ किती खपतो, आणि एका प्लेटमागे खर्च वजा जाता हातात किती राहतं. चार खाने. त्यात जिन्नस नव्हते. तुम्ही ते घाला, तिसरी बाजू म्हणून. आणि घालताना जिन्नस नुसते मोजू नका, ते किती दिवस टिकतात ते लिहा. पावसाळी हवेत पावाला बुरशी धरते, टोमॅटो मऊ पडतो, दूध नासतं. हळद आणि चहापावडर डबा घट्ट लावला की राहते. आमच्या पाटीवर टोमॅटो एकट्या मॅगीसाठी येतो आणि एकटाच सडतो. मॅगीत टोमॅटो घालायचा बंद केला तर काय होईल, हा लहान, खरा, विचारण्याजोगा प्रश्न आहे. हा प्रश्न या पद्धतीतून निघतो, आणि त्याचं उत्तर द्यायला मॅगी मागणाऱ्या गिऱ्हाइकांनाच विचारावं लागतं.

भांड्यांचंही असंच. जिन्नसांऐवजी पदार्थ आणि भांडी यांची जोडणी करून बघा: कढईत भजी आणि वडे, तव्यावर ऑमलेट, पातेल्यांत चहा, मॅगी आणि शेंगा, कोळशाच्या शेगडीवर कणीस. एका झटक्यात ऑमलेट भजीपासून सुटलं. गर्दीच्या रविवारी ऑर्डर कुठे अडकते तेही यातूनच कळतं, कारण अडकतं ते कढईपाशी, बेसनाच्या डब्यापाशी नाही. आणि 'तेल वेगळं आहे ना' या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळतं.

हा विषय घ्यायचाच असेल तर मी म्हणेन छोटं करा. पंजाबी ग्रेव्हीपासून मंचुरियनपर्यंत दीडशे पदार्थ असलेलं हायवेवरचं हॉटेल नको, एक टपरी किंवा एक खानावळ घ्या. मालकाला विचारून एका आठवड्याची बिलं किंवा नुसत्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या मिळवा. चिठ्ठ्या नसतील तर कोपऱ्यात बसून दोन दुपारी तुम्हीच लिहा, एक शनिवारची आणि एक मंगळवारची, कारण भुशीला या दोन दिवसांत फार फरक असतो. संध्याकाळी काय उरलं आणि काय फेकलं ते वजन करून लिहा. जिन्नसांची यादी मालकाच्या शब्दांत घ्या, तो 'वाटण' म्हणाला तर 'वाटण' लिहा, आणि बाजूला सुटी यादी वेगळी ठेवा. मग तीन तक्ते होतील: काय कशात पडतं, काय कशाबरोबर मागवलं जातं, काय वाया जातं. पहिला तक्ता करणारे पुष्कळ आहेत. तिसऱ्यासाठी संध्याकाळी सातला पावसात तराजू घेऊन उभं राहावं लागतं, म्हणून तो सहसा कोणाकडे नसतो.